गोरोबाकाकांच्या अंगणातले बाळ

१/५
धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे सातवाहनकालीन व्यापारी नगर ‘तगर’ आणि संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांची सर्वपरिचित कथा आज मुलांच्या सुरक्षिततेच्या अंगाने वाचू.

२/५
महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) ती सांगितली आहे. आई पाण्याला गेली होती. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवीत होते. रांगते बाळ त्या चिखलात शिरले आणि पायांखाली तुडवले गेले.

३/५
कथेचा गाभा भक्तीचा आहे. तरीही तीत कुंभाराच्या अंगणाचे वास्तव दिसते: कामाची आणि खेळण्याची जागा एकच, मध्ये आडोसा नाही, लक्ष ठेवणारा एकटा आणि तोही कामात.

४/५
मुलांसाठी वेगळी जागा राखण्याचा विचार औद्योगिक शहरांत रुजला. १८८५ साली बॉस्टनमध्ये मुलांना खेळण्यासाठी वाळूचे ढीग टाकले गेले. पुढे उंच झोके व घसरगुंड्या आल्या, पण खाली अनेकदा डांबर असे. १९८१ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा एक मुख्य धडा असा: मूल पडणारच, म्हणून खालची जमीन मऊ हवी.

५/५
कथेत पांडुरंगाने बाळ परत दिले. आपल्या शाळा-अंगणवाड्यांत झोक्याखाली वाळू, रस्त्याकडे कुंपण आणि मुलांवर लक्ष ठेवणारे एक मोकळे माणूस, एवढे मात्र आपल्याच हाती आहे.