उचल, कोयता आणि मुकादम : करमाळ्याच्या ऊसपट्ट्यातील मजूरभरतीचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्येस, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला करमाळा तालुका दीर्घकाळ ज्वारीचा, अवर्षणाचा आणि पोटासाठी बाहेर पडणाऱ्या माणसांचा मुलूख होता. 1966 मध्ये पायाभरणी झालेले उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने तालुक्याच्या पश्चिमेकडील काही गावे बुडवून उरलेल्या गावांच्या शिवारापर्यंत पाणी आणले, तेव्हा जेऊर, कंदर, वांगी, केत्तूर या भागात ऊस आणि पुढे केळी उभी राहिली. शेलगाव-भाळवणीचा आदिनाथ आणि भिलारवाडीचा मकाई हे सहकारी साखर कारखाने याच बदलाची अपत्ये होत. ऊस आला, गाळप आले. पण ऊस तोडणारे हात जामखेड, पाथर्डी, आष्टी अशा कोरडवाहू तालुक्यांतून आणावे लागले. हे हात गोळा करून आणणारा माणूस म्हणजे मुकादम, आणि नोकरभरतीच्या धंद्याला समाजात जो संशय चिकटून राहिला आहे त्याचे या भागातील सर्वांत ठळक रूप त्याच्यातच पाहावे लागते.

मजूर जमवणारा मध्यस्थ हा सहकारी कारखान्यांचा शोध नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच काम जॉबर करीत असे. गावाकडून माणसे आणणे, त्यांना साच्यावर लावणे, त्यांच्यावर देखरेख करणे आणि मर्जी फिरली की काढून टाकणे हे सारे अधिकार त्याच्याकडे असल्याने, नोकरी लावण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे ठरलेली चिरीमिरी, द्यावी लागे. 1929 मध्ये नेमलेल्या आणि 1931 मध्ये अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने, जो अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणून ओळखला जातो, भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. पाठोपाठ 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवणारी योजना सुरू केली. जॉबर त्यामुळे लगेच नाहीसा झाला नाही, परंतु गिरणीच्या दप्तरात कामगाराचे स्वतःचे नाव आले आणि त्याचा मालक कोण हे ठरले. ऊसतोडीत नेमके हेच घडले नाही.

साखर उद्योगाला 1932 मध्ये संरक्षण मिळाल्यावर माळीनगर, वालचंदनगर, साखरवाडी येथे खाजगी कारखाने उभे राहिले आणि 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. सहकारी रचनेत ऊस शेतकऱ्याच्या मालकीचा, पण त्याची तोडणी आणि वाहतूक कारखान्याने करवून घ्यायची अशी रीत पडली. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, म्हणून गाळपाच्या वेळापत्रकाला बांधलेली आणि हंगामभर हलू न शकणारी मजूरफौज कारखान्याला हवी असते. स्थानिक मजूर हंगामाच्या मध्यातच दुसऱ्या कामाला जाऊ शकतो. दूरच्या गावाहून बिऱ्हाडासह आलेला आणि अंगावर बाकी असलेला मजूर जाऊ शकत नाही. उचलीची पद्धत या गरजेतून रुजली, आणि तिचा उगम मुकादमाच्या स्वभावात शोधणे चुकीचे आहे.

उचल म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, लग्नाचे किंवा दवाखान्याचे देणे थकलेले असते, त्या काळात ती दिली जाते. कारखाना वाहतूकदाराला, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रकच्या मालकाला, पैसे देतो. तो त्यात स्वतःची भर घालून मुकादमाला देतो. आणि मुकादम कोयत्यांना वाटतो. कोयता हे येथे अवजारासोबत मोजणीचेही एकक आहे : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तेथेच मुक्काम राहतो. ऊस बुडातून तोडणे, पाचट सोलणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून फळीवर चढून गाडीत भरणे, एवढे सारे काम टनाच्या एकाच दरात धरलेले असते. दिवस चुकला की खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाचा दंड उचलीच्या खात्यावर चढतो.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्या वाटाघाटीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन 1 टक्क्याने वाढून 20 टक्के झाले. हे कमिशन मजुरीच्या रकमेवर कारखान्याने वेगळे द्यायचे असते. म्हणजे दहा कोयत्यांच्या टोळीने दिवसाला वीस टन ऊस तोडला, तर मजुरी 7,320 रुपये आणि मुकादमाचे 1,464 रुपये होतात. याच दराने एका कोयत्याने घेतलेली एक लाखाची उचल फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो, आणि रोजचे दोन टन धरले तरी त्याला 137 दिवस लागतात, तेही खाण्याचा खर्च शून्य मानून. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते.

मुकादमाची अपकीर्ती या हिशेबातून जन्मते, आणि ती एकाच बाजूची नाही. मजुरांच्या तोंडी तो हिशेबात गाळा काढणारा, वाहतूकदारांच्या तोंडी उचल घेऊन टोळी न आणणारा, आणि गावात मात्र अडचणीला पैसे देणारा असतो. तो बहुधा मजुरांच्याच जातीचा, भावकीचा, पूर्वी स्वतः कोयता चालवलेला असतो. टोळी मधूनच पळाली तर वाहतूकदार कोऱ्या धनादेशावर आणि स्टँपपेपरवर त्यालाच धरतो. सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे या क्षेत्रातील कित्येक संघटनांच्या नावातच मजूर, मुकादम आणि वाहतूकदार एकत्र असतात. मजुरीची वाढ आणि कमिशनची वाढ एकाच करारात मागितली जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच तक्रार मांडणाऱ्यांचा पुढारी ठरतो.

कायद्याचा आधार कागदावर पुरेसा दिसतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य मालकाने द्यावी असे तत्त्व होते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसाचे श्रम अडकवणे गुन्हा ठरवले. 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याचे संरक्षण मात्र राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरते होते, म्हणून कर्नाटकात गेलेला कोयता त्यात बसे आणि बीडहून करमाळ्याला आलेला बसत नसे. करार मुकादमाशी असल्याने मजूर आपला नव्हे, असे म्हणण्याची सोय कारखान्यांना राहिली. या व्यवस्थेची सर्वांत जड किंमत बाईने मोजली : जोडीच्या मजुरीतला तिचा निम्मा वाटा नवऱ्याच्या नावे जमा होतो आणि तिच्या आजारपणाचा खाडा मात्र दोघांवर लागतो. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा तपासलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्याला मुकादम एकटा जबाबदार नाही, पण सुटीला दंड आकारणारी पद्धत जबाबदार आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनामागे 10 रुपये आकारणी ठरली आणि ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. ही नोंद मजुराच्या गावी होते. तो जेथे राबतो त्या कारखान्याच्या हजेरीपटावर ती अजून उतरायची आहे. करमाळ्याच्या सहकारी कारखान्यांचे मालक ऊस पिकवणारे सभासदच असल्याने हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांनी मागणी करावी, की गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टोळीतील नवरा आणि बायको या दोघांची नावे कारखान्याच्या दप्तरी चढावीत, उचल आणि मजुरी दोघांच्या स्वतंत्र बँक खात्यांत जमा व्हावी, आणि पट्टा पडल्यावर बाकीचा हिशेब कारखान्याच्या सहीने मजुराच्या हाती पडावा.