दोन वर्षांची टीम

शुक्रवारी संध्याकाळी मी बॅग आवरत असताना मॅनेजर हळूच डेस्कपाशी आला आणि म्हणाला, "वीकेंडला जरा विचार करून ठेव. नऊ जणांची टीम सातवर आणायची आहे. सोमवारी दोन नावं दे." एवढं बोलून गेला. आमच्या हापिसात याला 'रिलीज करणे' असं गोंडस नाव आहे. नोकरी जात नाही, माणूस बेंचवर जातो. बेंचवरून पुढे कुठे जातो ते आपण विचारायचं नसतं.

तर मंडळी, शनिवारी सकाळी कर्वेनगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत अस्मादिक चहा आणि एक्सेल घेऊन बसले. कॉलम पाडले. अनुभव, बिलिंग, कामाचा वेग, क्लायंटचं मत. तासाभराने बघते तर सगळे कॉलम भरलेत आणि नाव एकही सुचलेलं नाही. मग नेहमीप्रमाणे मन भरकटलं. 'रिलीज' हा शब्द मी पहिल्यांदा कुठे ऐकला? नोकरीत नक्कीच नाही. कॉलेजात असताना, डिसेंबर २०१६ मध्ये, पेपरच्या क्रीडा पानावर. आपल्या पुण्याच्या आयपीएल टीमने केविन पीटरसन, इशांत शर्मा, इरफान पठाण वगैरे मंडळींना रिलीज केलं होतं.

(आयपीएलमध्ये पुण्याची टीम होती हे ज्यांना आठवत नाही त्यांनी लाजू नये. एक नाही, दोन होत्या. दोन्ही गेल्या.)

मागे मी 'मनीबॉल' पाहिला तेव्हापासून हंगामापेक्षा दोन हंगामांच्या मधला काळच मला जास्त आवडायला लागलाय. अमेरिकन बेसबॉलमध्ये या काळाचं मोठं शास्त्र आहे. ओकलंडच्या टीमने २००१ च्या हंगामानंतर जेसन जियांबीसह तीन मोठे खेळाडू गमावले, तोडीस तोड माणसं घ्यायला पैसे नव्हते, मग बिली बीनने इतरांना नको असलेले खेळाडू आकडे बघून उचलले आणि २००२ मध्ये १०३ सामने जिंकले. पण ओकलंडकडे एक चैन होती. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, टीम असणारच होती. शिवाय खाली पोरं तयार करणाऱ्या छोट्या टीम्स होत्या. पुण्याचं तसं नव्हतं.

आणि हे माणसं पळवणं वगैरे आपल्याला नवीन आहे असंही समजू नका. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. पहिल्या वर्षी आपल्या पुण्यातच सांगलीच्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. बडोद्याने काय करावं? १९४१ मध्ये हजारेंनाच आपल्याकडे घेतलं! संस्थानची नोकरी, स्थैर्य, सगळं आलं त्यात. १९४२-४३ ची रणजी बडोद्याने जिंकली. लिलावबिलाव काही नाही, राजाश्रय. ज्याने झोडपलं त्यालाच घरी आणायचं, हा खेळाडू निवडण्याचा सगळ्यात सोपा निकष तेव्हाही चालत होता. असो.

आता वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये सहाराने ३७ कोटी डॉलरची बोली लावून पुण्याची टीम घेतली, तेव्हा आयपीएलमधली ती सगळ्यात महाग टीम होती. रक्कम दहा वर्षांत फेडायची होती, म्हणजे हिशोब लांबचा होता. जानेवारी २०११ च्या लिलावात रॉबिन उथप्पा २१ लाख डॉलरला आणि युवराज सिंग १८ लाख डॉलरला घेतला. सगळ्या खेळाडूंसाठी मिळून मर्यादा ९० लाख डॉलरची, त्यातले ३९ लाख या दोघांवर. वाईट सौदा नव्हता हो. तीनच महिन्यांनी युवराज विश्वचषकाचा मालिकावीर झाला. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या सोसायटीतली पोरं युवराजच्या नावाचे निळे टी-शर्ट घालून फिरत होती. टीमचे घरचे सामने मात्र त्या वर्षी नवी मुंबईत व्हायचे. पुण्याची टीम बघायला घाट उतरा!

मग युवराजला कॅन्सर झाला. ही कोणाचीच चूक नाही. पण अशा वेळी मधला काळ कसा वापरायचा याची खरी परीक्षा होती आणि वॉरियर्स पेपरला बसलेच नाहीत. ४ फेब्रुवारी २०१२, लिलावाचा दिवस. त्याच सकाळी सहाराने आपण भारतीय टीमच्या प्रायोजकत्वातून आणि आयपीएलमधून बाहेर पडतोय असं जाहीर केलं. युवराजच्या बदल्यात खेळाडू घेऊ देत नाहीत, सामने ९४ म्हणून सांगितले आणि ७४ च ठेवले, अशा तक्रारी होत्या. त्यातल्या काही रास्तही असतील. पण लिलाव काही थांबला नाही. त्याच दिवशी चेन्नईने २० लाख डॉलरला रवींद्र जडेजा नेला आणि पुढची कित्येक वर्षं वापरला. पुढे बोर्डाशी समझोता झाला, वॉरियर्स परत आले, मायकेल क्लार्क वगैरे मंडळी गोळा केली, पण खरेदीचा दिवस हातचा गेला होता.

तीन वर्षांत कप्तान बघा. २०११ ला युवराज. २०१२ ला सौरव गांगुली, ज्याला आदल्या वर्षीच्या लिलावात कोणी घेतलं नव्हतं आणि जो जखमी नेहराच्या जागी आला होता. २०१३ ला अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि आरोन फिंच, एकाच हंगामात तिघंही. आणि निकाल? २०११ ला चार विजय, २०१२ ला चार, २०१३ ला चार. इतकं सातत्य आमच्या सर्व्हरलाही जमत नाही :) ख्रिस गेलच्या नाबाद १७५ धावा याच टीमविरुद्ध, २३ एप्रिल २०१३ ला. मे महिन्यात सहारा पुन्हा बाहेर पडले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बोर्डाने टीमच रद्द केली. म्हणजे हिशोब दहा वर्षांचा आणि वागणं मात्र दर वर्षी नव्याने बिऱ्हाड थाटल्यासारखं.

दुसरी टीम बरोब्बर उलटी. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली म्हणून दोन वर्षांपुरत्या दोन टीम्स काढल्या. डिसेंबर २०१५ मध्ये उलटा लिलाव झाला. बोर्डाकडून पैसे घेण्याऐवजी संजीव गोएंकांच्या कंपनीने वरून वर्षाला १६ कोटी द्यायची तयारी दाखवली आणि पुणं घेतलं. राजकोटची बोली १० कोटींची होती, त्यामुळे खेळाडू निवडायचा पहिला मान पुण्याचा. पहिलं नाव महेंद्रसिंग धोनी, साडेबारा कोटी. मग रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ, ड्यू प्लेसी. या पाच जणांचेच ३९ कोटी झाले, आणि एकूण मर्यादा ६६ कोटींची.

आमचे बाबा तेव्हा म्हणाले होते, "अगं, हे दोन वर्षांचं भाड्याचं घर. याला कशाला रंग लावताहेत?" मला राग आला होता. आपली टीम आहे ना! पण ते चुकीचं बोलत नव्हते.

पहिलं वर्ष, २०१६, पार बोंबललं. पीटरसन, ड्यू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श, एकामागून एक दुखापतीने घरी. त्यात दुष्काळ. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, आणि उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. ते योग्यच होतं. पुण्याचे उरलेले घरचे सामने मग विशाखापट्टणमला झाले. चौदापैकी पाच विजय, आठात सातवा नंबर.

आता या टीमपुढे पर्याय काय होते ते बघा. माझ्यासारखीला इथेच गंमत येते. एक, आहे तीच टीम ठेवायची आणि दुखापती पुन्हा होणार नाहीत अशी प्रार्थना करायची. दोन, तरुण पोरं भरायची आणि घडवायची. पण घडवून कोणाला देणार? वर्षभराने दुकान बंद. तीन, जे आहे ते सगळं एकाच डावावर लावायचं. पुण्याने तिसरा निवडला. साडेचार कोटींचा मुरुगन अश्विन, ३.८ कोटींचा इशांत, साडेतीन कोटींचा पीटरसन, सगळे सोडले. लिलावासाठी साडेसतरा कोटी हातात राहिले. १९ फेब्रुवारी २०१७ ला धोनीला कप्तानपदावरून काढलं. आयपीएलच्या पहिल्या वर्षापासून कप्तान असलेल्या धोनीला! स्मिथ आला. दुसऱ्याच दिवशी बंगळुरूच्या लिलावात बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले. परदेशी खेळाडूला तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. (आणि हो, नावातल्या 'सुपरजायंट्स'चा शेवटचा 'स' काढून टाकला. हाही एक रिलीजच.)

साडेसतरातून साडेचौदा गेले की उरतात तीन. खरी मजा त्या तीन कोटींत आहे. डॅन ख्रिश्चन एक कोटी. जयदेव उनाडकट ३० लाख. राहुल चहर १० लाख. आणि १० लाखांनाच राहुल त्रिपाठी, फौजी बापाचा मुलगा, आपल्या डेक्कन जिमखान्यावर खेळून मोठा झालेला. वॉरियर्सच्या काळातही तो याच शहरात बॅट घेऊन फिरत असणार. कोथरूडच्या केदार जाधवचं तर आणखीच नवल. २०१३-१४ च्या रणजीत १२२३ धावा, देशात सर्वाधिक, महाराष्ट्र अंतिम फेरीत. आणि हा गडी दिल्ली, कोची, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद सगळीकडून खेळला, पुण्याकडून एकदाही नाही. कर्वे पुतळ्यापासून गहुंजे किती लांब आहे हो?

चारपैकी तीन सामने हरून हंगाम सुरू झाला. मग गाडी लागली रुळावर. स्टोक्सने गुजरातविरुद्ध गहुंज्यात नाबाद १०३ केल्या. ईडनवर त्रिपाठीने ५२ चेंडूंत ९३ केल्या. उनाडकटने हैदराबादला शेवटच्या षटकात हॅट्ट्रिक घेतली, हंगामात २४ बळी. लिलावात कोणी न घेतलेला इम्रान ताहिर मार्शच्या जागी आला आणि १८ बळी घेऊन गेला. जखमी अश्विनच्या जागी सतरा वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला. त्याने वानखेडेवर क्वालिफायरमध्ये १६ धावांत तीन बळी घेतले आणि पुणे फायनलला गेलं. त्या हंगामात मुंबईला तिसऱ्यांदा हरवून!

२१ मे २०१७, हैदराबाद. बाबांचं भाड्याच्या घराचं तत्त्वज्ञान त्या दिवशी बंद होतं, ते सोफ्याच्या कडेवर बसले होते. मुंबई ७ बाद ७९ वरून १२९ पर्यंत पोचली, कृणाल पंड्याच्या ४७ मुळे. स्टोक्स नव्हता. इंग्लंडने त्याला आधीच परत बोलावलं होतं. साडेचौदा कोटींचा माणूस नेमका त्या दिवशी नाही. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, गोलंदाज मिचेल जॉन्सन. तिवारीचा पहिल्याच चेंडूवर चौकार. मग तिवारी बाद. मग ५१ वर स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या, दोन झाल्या, तिसरी पळताना ख्रिश्चन धावबाद. एका धावेने हरलो. बाबा काही न बोलता उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. याच गॅलरीत.

त्यानंतर टीम संपली. हरली म्हणून नव्हे, जिंकली असती तरी संपलीच असती. जानेवारी २०१८ मध्ये तिच्या लोकांचा लिलाव झाला. ३० लाखांचा उनाडकट साडेअकरा कोटींना आणि १० लाखांचा त्रिपाठी ३.४ कोटींना, दोघंही राजस्थानने नेले. धोनी चेन्नईला परतला. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने त्या वर्षी गहुंज्याला आले आणि स्टेडियम पिवळंधमक झालं. ज्याला आपण कप्तानपदावरून काढलं होतं तो आपल्याच मैदानात 'घरचा' म्हणून खेळला आणि ट्रॉफी घेऊन गेला. मी गेले होते एका सामन्याला. पिवळा टी-शर्ट घातला नाही, एवढीच निष्ठा.

मला विचाराल तर २०१७ च्या लोकांनी बरोबर केलं. एक वर्ष हातात आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते तसंच वागले. स्टोक्सला घेणं बरोबर, धोनीला बाजूला करणंही (शिव्या खायची तयारी आहे). चूक वॉरियर्सची होती. त्यांच्याकडे दहा वर्षं होती आणि त्यांनी एकही खेळाडू दहा वर्षांसाठी घेतला नाही.

एक्सेल अजून उघडंच आहे. माझ्या यादीत एक मुलगी आहे, दीड वर्षाचा अनुभव, काम हळू, पण विचारलेला प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाही. चारही कॉलममध्ये ती सगळ्यात खाली आहे. क्लायंटचं कंत्राट मार्चपर्यंतचं आहे. मार्चपर्यंतचंच बघायचं असेल तर पहिलं नाव तिचंच लिहावं लागेल.

म्हणून अजून एकही नाव लिहिलेलं नाही. मॅनेजरला एका ओळीचं मेल टाकलंय: मार्चनंतर आपण असणार आहोत का? रविवारची रात्र झालीये, उत्तर आलेलं नाही.