माळ्यावरचं तुणतुणं

दिवाळीची आवराआवर करताना आमच्या गटातल्या एकीला माळ्यावर जुनं तुणतुणं सापडलं. लाकूड काळं पडलेलं, तार गंजलेली, कातडं सैल. बैठकीत ती म्हणाली, "भंगारात घालू का? सासरे तमाशाच्या फडात होते म्हणे. घरात कुणी बोलतच नाही त्यावर." म्हणून आज आपण त्यावरच बोलू.

तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं. वरून उघडं, तळाला कातडं. बाजूला काठी, तिच्या टोकाला खुंटी. कातड्यातून निघालेली एकच तार वर खुंटीला ताणलेली. काडीने छेडली की तुण-तुण वाजते. त्यावर चाल वाजत नाही; ते गाणाऱ्याला सूर धरून देतं. लोकांचं लक्ष नाचणारीकडे आणि ढोलकीकडे. तुणतुणेवाला मागे उभा राहून झील ओढतो. पण त्याची तार उतरली, तर पुढचीचा सूरही डळमळतो.

हे वाद्य आपल्या मातीला परकं नाही. शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराज जन्मले. १६५९ साली त्यांनी अफझलखानाला मारलं, त्यावर अज्ञानदास शाहिराने पोवाडा रचला. पोवाड्याला डफाबरोबर तुणतुण्याची साथ असते. लावणीला ढोलकीबरोबर तेच. आपलं नारायणगाव तर तमाशाची पंढरी. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथल्या राहुट्यांवर येतात.

त्याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग. जन्म १९३५ चा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या वाढल्या. पोटुशी असताना फडावर नाचता नाचता कळा आल्या, पडद्याआड बाळंत होऊन त्या पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही आठवण आजही सांगतात. १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ च्या जानेवारीत त्या वारल्या. रात्री शिट्ट्या मारायच्या आणि सकाळी नाक मुरडायचं, ही आपली रीत. त्या रीतीनेच हे तुणतुणंही माळ्यावर गेलं.

आम्ही तिच्या सासूबाईंना विचारलं. आधी त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात ह्या एका तारेवर घर जगलं बाई."

मग आम्ही ते नीट पाहिलं. कातडं पावसाळी हवेत सैल होतं, उन्हात ताणतं. इतकी वर्षं तसंच पडून ते एका कडेला फाटलंय. ते बदलावं लागेल. तार नवी घालता येईल. खुंटी घसरते, तिला खडू चोळला की धरते. लाकडाला मात्र कीड नाही. ते घासायचं नाही, रंगवायचं नाही. हाताच्या पकडीने एक जागा गुळगुळीत झालीय. ती त्या माणसाची सही आहे.

तार बदलून आम्ही छेडून पाहिलं. आवाज बसका आला, थोडा खरखरलाही. पण सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तुणतुणं आता भिंतीवर आहे. खाली कागदावर वाजवणाऱ्याचं नाव. जुन्नर-आंबेगावच्या मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर बघा. आणि ज्यांना नाव ठाऊक आहे, त्यांना ते आजच विचारून घ्या.