नाणेघाटाची वाट, द्राक्षबागा आणि चाकणची सायकल

"डॉक्टर, रविवारी ग्रुपबरोबर नाणेघाटापर्यंत सायकलने जायचंय. चालेल ना?" हा प्रश्न हल्ली ओपीडीत वारंवार येतो. विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीचे असतात, चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या कंपनीत नोकरी करणारे. नुकतीच 'ग्रॅव्हल बाइक' घेतलेली असते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: हँडल रेसिंग सायकलसारखे वाकवलेले, पण टायर रुंद, साधारण ४० मिलिमीटरचे. डांबर संपले तरी खडी-मुरुमावरून ही सायकल आरामात जाते.

मार्गही ठरलेला असतो. चाकण, राजगुरुनगर, मंचर, मग नारायणगावच्या द्राक्षबागा, येडगाव धरणाचे पाणी, पुढे जुन्नर, माणिकडोहच्या जलाशयाच्या कडेने घाटघर आणि शेवटी नाणेघाट. काही जण नारायणगावपर्यंत गाडीवर सायकल टाकून नेतात आणि तिथून सुरुवात करतात. मला तेच शहाणपणाचे वाटते.

"चालेल का" याचे उत्तर मी लगेच देत नाही. आधी एक प्रतिप्रश्न करतो: "तुमचे वडील कामाला कसे जायचे?"

पिंपरी-चिंचवडमध्ये याचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आपल्या देशातले सरकारी पेनिसिलिन इथे तयार होऊ लागले. १९६०च्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीत बजाज आली, टेल्को आली. कामगार यायचे ते सायकलने. कॅरियरला डबा, दांडीला पिशवी. पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तो मी लहानपणी पाहिला आहे. रोज जाऊन-येऊन दहा-पंधरा किलोमीटर, तेही आठवड्यातून सहा दिवस. याला व्यायाम म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हते.

मग १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच सुमाराला कायनेटिकची लूना. पुढे मोटारसायकली, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने. आपल्या पायांखालची सायकल काढून घेणारी यंत्रे आपल्याच पट्ट्यात, आपल्याच हातांनी तयार झाली. त्यात कुणाची चूक नव्हती. पावसात सायकल मारत पाळीला जाणाऱ्या माणसाने स्कूटर घेतली तर त्याला नावे कशी ठेवणार? पण शरीराच्या हिशेबात मोठी वजाबाकी झाली.

ती वजाबाकी किती मोठी असते, हे लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिले. दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये स्पष्टपणे जास्त निघाला, आणि तोही अधिक घातक.

जुन्या पिढीचे मला उगाच कौतुक करायचे नाही. तेव्हा बिड्या भरपूर होत्या, बीपी कुणी मोजत नव्हते, पन्नाशीत माणसे जात आणि कारण कुणाला कळत नसे. मुद्दा इतकाच की त्यांच्या पायांना रोजची सवय होती. तुमची सायकल वीस-पंचवीस वर्षांनी परत आली आहे आणि आल्या आल्या थेट घाटाकडे निघाली आहे.

आता घाटाकडे वळू. नाणेघाट ही सातवाहनांच्या काळातली वाट, दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणातल्या बंदरांवरून माल चढून जुन्नरला यायचा तो इथून. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हजारो नाणी. आपल्या देशातले अंक लिहिण्याचे अगदी जुने नमुने त्यात सापडतात. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकण्याचा असे सांगतात. लोक फोटो काढतात तो रांजणाचा. तुम्ही जरा आजूबाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकीही पाहा. ओझ्याची जनावरे आणि माणसे कोकणातून तो उभा चढ चढून आली की टेकायची, पाणी प्यायची आणि मग पुढे निघायची. ही सोय ज्यांनी केली त्यांना चढणाऱ्याचा दम माहीत होता.

बोरघाटातही हेच दिसते. १८३०मध्ये तिथे चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता झाला आणि १८६३मध्ये रेल्वे. रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तरीही मध्ये एका ठिकाणी गाडी थांबवून दिशा बदलावी लागत असे.

आता तुमचे इंजिन. चाकणहून निघणाऱ्याला नाणेघाट वरच्या बाजूने लागतो, त्यामुळे कोकणातल्या बैलासारखी सलग चढाई तुमच्या वाट्याला येत नाही. पण खेडचा घाट आणि जुन्नरच्या पुढचे तुकड्या-तुकड्यांचे चढ आहेतच. ढोबळ हिशेब करू. तुमचे वजन ७० किलो, सायकल आणि पाणी मिळून १५ किलो. आठ टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने गेलात तर सुमारे १८५ वॉट लागतात. तुमच्या हृदयावर तेव्हा जवळपास तेवढाच भार येतो, जेवढा ट्रेडमिल टेस्टच्या तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी येतो. तिथे शेजारी डॉक्टर आणि ईसीजी असतो. घाटात शेजारी ग्रुप असतो, आणि ग्रुपमधला कुणी तरी "चल रे, थोडंच राहिलंय" म्हणत असतो.

तेव्हा खाली उतरा. यात कमीपणा नाही. १९१० साली फ्रान्सच्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातले उंच घाट घेतले, तेही कच्च्या रस्त्यांचे. त्या काळचे भलेभले शर्यतपटू उतरून सायकल ढकलत चढले. तेव्हा सगळ्याच सायकली 'ग्रॅव्हल बाइक' होत्या; वेगळे नाव द्यायची गरज डांबरानंतर पडली. सोपी कसोटी अशी की चढावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. नाही आले तर वेग कमी करा.

द्राक्षबागांबद्दल दोन गोष्टी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागांमध्ये औषधांच्या फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरचा पंप चालू दिसला तर वाऱ्याच्या उलट बाजूला थांबा, धापा टाकत त्यातून जाऊ नका.

दुसरी गोष्ट वाइनची. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन बनवली. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशी गेली. इतिहास म्हणून हे अभिमानाचेच. पण त्यानंतर १९९०च्या सुमारास 'रेड वाइन हृदयाला चांगली' ही कल्पना जगभर पसरली, आणि ती अजून माझ्या ओपीडीत येते. फ्रेंच लोक लोणी खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, एवढ्या निरीक्षणावर ती उभी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. सायकलच्या वाटेवर तर नाहीच. आधीच घामाने पाणी गेलेले असते, दारूने लघवी वाढून आणखी जाते, आणि परतीचा उतार समोर असतो. द्राक्षे खा. मधुमेह असेल तर मोजून खा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डोसबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. करंगळीला मुंग्या आल्या तर हँडलवरचा भार बदला, टायरमधली हवा थोडी कमी करा.

एका पेशंटचे सांगून थांबतो. वय ४७, प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर, वडील निवृत्त कामगार. त्यांना चढावर घशाशी आवळल्यासारखे व्हायचे आणि थांबले की जायचे. त्यांना वाटले ॲसिडिटी. ट्रेडमिलवर सहाव्या मिनिटाला ईसीजी बदलला. पुढे अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट पडला. तीन महिने घर ते कंपनी एवढीच सायकल चालवायची परवानगी दिली, सपाट रस्त्याने, रोज. सुरुवातीला वडील स्वतःच्या जुन्या सायकलवरून चौकापर्यंत सोबत यायचे, हे त्यांनीच हसत सांगितले. हिवाळ्यात त्यांनी नारायणगावहून सुरुवात करून नाणेघाट गाठला, दोन ठिकाणी उतरून. मला फोटो आला तो रांजणाचा नव्हता, टाक्याशेजारी बसून पाणी पितानाचा होता.

छातीत, जबड्यात, घशाशी किंवा डाव्या हातात चढावर आवळल्यासारखे झाले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा, बसा, १०८ला फोन करा. पुढच्या वळणापर्यंत जाऊन पाहू नका. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका, एकट्याने जाऊ नका.