त्वचेचा मार्ग

त्वचेवाटे लस देण्याची कल्पना अर्वाचीन नव्हे. १७९६ साली जेन्नरने आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर उथळ छेद घेऊनच गाईच्या देवीची लस दिली. १९६० नंतरच्या दशकात बेंजामिन रुबिन याने टोकाशी दुभंगलेली सुई सिद्ध केली. तिच्यामुळे लस थोडी पुरू लागली व टोचणाऱ्यास अल्प शिक्षण पुरेसे झाले. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन घोषित झाले. पुढे १९९८ मध्ये जॉर्जियातील संशोधकांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म सुयांनी त्वचा औषधास सुगम होते, हे दाखविले. गांबियातील बालकांना अशाच सुयांच्या चिकटपट्टीने गोवर-रुबेलाची लस दिल्याचा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधन पालटले; प्रश्न मात्र तोच राहिला : जेथे कुशल हात नाही, तेथील बालकापर्यंत लस कशी पोहोचावी?