जंगली प्राण्यांची संख्या वाढतच का जात नाही? हिर्टा बेटावरच्या मेंढ्यांची गोष्ट

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हिर्टा बेटावरच्या शेवटच्या 36 रहिवाशांनी 1930 मध्ये बेट सोडलं. दोन वर्षांनी शेजारच्या सोए बेटावरून 107 रानटी मेंढ्या आणून हिर्टावर सोडण्यात आल्या.

इथे त्यांची शिकार करणारा कोणताही प्राणी नाही. मग त्या वाढतच का गेल्या नाहीत?

1985 पासून शास्त्रज्ञ इथल्या मेंढ्यांच्या कानात बिल्ले लावून एकेकीची नोंद ठेवत आहेत. या काळात त्यांची संख्या कधी 600च्या आसपास घसरली, तर कधी 2,000च्या वर गेली. काही हिवाळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त मेंढ्या मेल्या. यामागचं मोठं कारण म्हणजे त्यांची स्वतःचीच गर्दी.

गर्दीमुळे नेमकं काय होतं?

गवत तेवढंच असतं, खाणारी तोंडं वाढतात. प्रत्येकीच्या वाट्याला कमी चारा येतो. माद्या अशक्त होतात, कोकरं कमी वजनाची जन्मतात आणि त्यातली बरीच जगत नाहीत. वर्षभराच्या माद्यांपैकी थोड्याच व्यायतात. म्हणजे जन्म घटतात आणि मृत्यू वाढतात.

त्यात पोटातल्या जंतांची भर पडते. एकाच कुरणावर जास्त मेंढ्या चरल्या की गवतातून जंतांचा प्रसार वाढतो. अर्धपोटी मेंढीला त्यांचा भार सोसत नाही. काही मेंढ्यांना जंतांचं औषध देऊन पाहिलं, तेव्हा कठीण हिवाळ्यात त्या जास्त तगल्या.

सर्वात आधी बळी जातात कोकरं, म्हाताऱ्या मेंढ्या आणि नर. नर माजाच्या काळात झुंजण्यात आणि माद्यांमागे फिरण्यात ताकद घालवतात, आणि लगेच हिवाळा सुरू होतो.

मग हवामानाचा काहीच दोष नाही?

आहे, पण एकट्याचा नाही. कळप लहान असेल तर वादळी, पावसाळी हिवाळाही बहुतेक मेंढ्या काढतात. कळप मोठा असेल तर तसाच हिवाळा त्यांना झोपवतो. वादळ मेंढ्या मोजून येत नाही, पण ते किती जीव घेणार हे गर्दीवर अवलंबून असतं.

संख्या एका आकड्यावर का थांबत नाही?

एखादा प्रदेश जितके प्राणी दीर्घकाळ पोसू शकतो, त्याला त्याची धारण क्षमता म्हणतात. संख्या त्याच्या वर गेली की गर्दी ब्रेक लावते, खाली गेली की ब्रेक सुटतो. हिर्टावर मात्र हा ब्रेक उशिरा लागतो. उन्हाळ्यात गवत भरपूर असल्यामुळे कळप फुगतो आणि टंचाई हिवाळ्याच्या शेवटी जाणवते. तोवर मेंढ्या प्रमाणाबाहेर झालेल्या असतात आणि एकदम मोठी पडझड होते. जगलेल्यांना पुढच्या उन्हाळ्यात मुबलक चारा मिळतो आणि संख्या पुन्हा चढते.

वाघांनाही हाच नियम लागू होतो का?

हो, पण गर्दीचा ब्रेक दरवेळी उपासमारीतूनच लागतो असं नाही. वाघ आपापली हद्द राखून राहतो. जंगलातल्या हद्दी भरल्या की वयात आलेल्या तरुण वाघांना तिथे जागा उरत नाही. त्यांना झुंज द्यावी लागते किंवा बाहेर पडावं लागतं.

'वॉकर' नावाने ओळखला गेलेला रेडिओ कॉलरवाला वाघ 2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातून 3,000 किलोमीटरहून जास्त भटकून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला.

हिर्टाच्या मेंढ्यांना बेट सोडून जायला वाट नाही. वाघांना आहे, पण ती शेतं, रस्ते आणि गावांमधून जाते. त्यामुळे 'वाघ वाढले' ही बातमी वाचताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा: जंगल किती वाढलं, आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट शाबूत आहे का? ती तुटली तर गर्दीतून बाहेर पडलेला वाघ माणसाच्या दारात येतो, आणि त्याची किंमत वाघ आणि गावकरी दोघंही मोजतात.