एकबारी पिस्तूल आणि मधल्या मापाचे काडतूस

‘काडतूस’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला, आणि ‘पिस्तूल’ हाही त्यांच्याच गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. परंतु या दोन शब्दांनी निर्दिष्ट होणाऱ्या वस्तूंचा मेळ शिकारीच्या कामी कसा बसवावा, या प्रश्नाचा खरा इतिहास आपल्या किनाऱ्यापासून फार दूर, अमेरिकेत, आणि तोही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेला आहे.

आपल्याकडच्या शिकारीत पिस्तूल अगदीच अपरिचित होते असे नाही. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरील हौद्यात बसून वाघाच्या मागावर निघणारे इंग्रज अंमलदार जाड नळीचे, बहुधा दुनळी असे एक आखूड हत्यार जवळ बाळगीत, आणि त्याला ‘हौदा पिस्तूल’ असेच नाव पडून गेले होते. तथापि ते हाती घेण्याचा प्रसंग म्हणजे शिकारीचा बेत फसल्याची कबुलीच असे. कारण जखमी वाघ हत्तीवर झेपावून आला, बंदूक रिकामी झाली, आणि सावज व शिकारी यांच्यातील अंतर दोन हातांवर आले, म्हणजेच त्याचे काम पडे. अशा हत्याराच्या काडतुसाविषयी फारसा खल करण्याचे कारण नव्हते. गोळी जितकी जाड तितकी बरी, एवढाच काय तो नियम. उलट, पिस्तूल हेच शिकारीचे मुख्य साधन मानून, शंभर गजांवर उभ्या असलेल्या हरणावर, आणि तेही एकाच बारात, नेम धरावयाचा असे ज्या दिवशी कोणी ठरविले, त्या दिवशी काडतुसाच्या निवडीला विद्येचे स्वरूप आले.

हे धाडस करण्यास अमेरिकन मनुष्य एकाएकी प्रवृत्त झाला नाही. १९३५ साली निघालेले .३५७ मॅग्नम आणि १९५५ साली निघालेले .४४ मॅग्नम ही दोन काडतुसे मूलतः फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरसाठी होती. आयडाहो राज्यातील पशुपालक आणि लेखक एल्मर कीथ याने अशा जबर काडतुसांचा वर्षानुवर्षे पुरस्कार केला, आणि रिव्हॉल्व्हर घेऊन हरणाच्या शिकारीस जाणे हे केवळ खूळ नव्हे असे लोकांस पटवून दिले. पुढे १९६३ साली रेमिंग्टन कंपनीने ‘एक्सपी-१००’ या नावाचे, रायफलीसारख्या बोल्टचे एकबारी पिस्तूल बाजारात आणले. परंतु त्याच्यासाठी मुद्दाम घडविलेले .२२१ फायरबॉल हे काडतूस बारीक गोळीचे आणि तीव्र वेगाचे असून, शेतात बिळे करणाऱ्या लहान जनावरांवरच त्याची मात्रा चाले. म्हणजे एका बाजूस जाड आणि जड गोळी, दुसऱ्या बाजूस बारीक आणि चपळ गोळी. मधली जागा रिकामी होती.

ती जागा भरून काढणाऱ्या हत्याराचा जनक वॉरन सेंटर हा होय. आपल्या घराच्या तळघरातील कार्यशाळेत त्याने बिजागरीवर मोडणारे एक एकबारी पिस्तूल सिद्ध केले होते. १९६५ साली तो के. डब्ल्यू. थॉम्प्सन टूल कंपनी या धातूचे ओतीव सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात दाखल झाला, आणि १९६७ साली न्यू हॅम्पशायरमधील रॉचेस्टर या गावातून ‘कंटेंडर’ या नावाने ते पिस्तूल विक्रीस निघाले. त्याची करामत साधी पण दूरगामी होती. बिजागरीची एक खीळ काढली की नळी सुटी होई आणि तिच्या जागी निराळ्या मापाची दुसरी नळी बसविता येई; सांगाड्यात आघातसुया दोन असल्यामुळे किनारीवर पेटणारे बारीक काडतूस असो वा मध्यभागी पेटणारे मोठे असो, दोहोंची सोय एकाच मुठीत होई. आजवर मनुष्य हत्यार विकत घेई आणि काडतूस त्याच्यासोबत आपोआप येई. आता हत्यार एक आणि काडतुसे अनेक, अशी स्थिती होऊन निवडीचा अधिकार, आणि त्याबरोबर निवडीची जोखीमही, सर्वस्वी मालकाकडे आली.

या अधिकारावर चार बंधने होती, आणि पुढचा सारा इतिहास या चौघांशी केलेल्या तहाचा इतिहास आहे. पहिले बंधन सांगाड्याचे. बार उडतो तेव्हा काडतुसाच्या पुंगळीचा तळ मागे रेटला जातो, आणि तो रेटा दाबावर जितका, तितकाच तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. .३०८ विंचेस्टर या रायफली काडतुसाचा तळ सुमारे .४७ इंच रुंद आणि दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या पुढे. थर्टी-थर्टी या जुन्या काडतुसाचा तळ .४२ इंच आणि दाब बेचाळीस हजार. गुणाकार केला असता पहिल्याचा रेटा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो, आणि कंटेंडरच्या बिजागरीस तो झेपण्यासारखा नव्हता. दुसरे बंधन नळीच्या लांबीचे. दहा इंचांच्या, किंवा पुढे निघालेल्या चौदा इंचांच्या नळीत पोटभर मंद दारू जाळण्यास अवकाशच मिळत नाही. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी ज्वाळा आणि गर्जना होऊन वाया जाते. तिसरे बंधन मनगटाचे, कारण येथे धक्का झेलण्यास खांदा नाही. आणि चौथे, सर्वांत गंभीर, त्या मुक्या जनावराचे: दुसरा बार लगेच टाकता येत नसल्यामुळे पहिला बार त्याला यातना न देता संपविणारा असावा, एवढी किमान नीती शिकाऱ्यावर बंधनकारक होती.

मापांविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण ‘बारा बोअर’ म्हणतो तेव्हा नळीत बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड होते असा त्याचा अर्थ असतो. अमेरिकन लोक मात्र रायफली व पिस्तुले यांच्या नळीचे माप इंचाच्या शतांशांत आणि सहस्रांशांत सांगतात, आणि ठोकळमानाने .२६ पासून .३७५ पर्यंतच्या पट्ट्यास ‘मधले माप’ म्हणता येईल. गोळीचे वजन ते ग्रेनमध्ये मोजतात. ही भाषा आपल्या सराफकट्ट्याला परकी नाही. कंपनी सरकारने ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा आणि मासा पंधरा ग्रेनांचा होता. थर्टी-थर्टीची प्रसिद्ध १७० ग्रेनांची गोळी म्हणजे अकरा मासे आणि सुमारे पावणेतीन गुंजा, तोळ्याला थोडीशी कमी. सोन्याच्या बाबतीत एवढे वजन अंगठीस पुरते. शिशाच्या बाबतीत ते हरणास पुरते की नाही, हा वादाचा विषय होता.

या वादात पहिले नाव घ्यावयाचे ते हेरेटचे. स्टीव्ह हेरेट हा पिस्तुलांच्या मुठी घडविणारा कसबी कारागीर, आणि बॉब मायलेक हा शस्त्रविषयक लेखक. या दोघांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात असा विचार केला की, थर्टी-थर्टीची पुंगळी आखूड नळीच्या मानाने निष्कारण लांब आहे, तेव्हा तिची लांबी दोन इंचांवरून सुमारे एक पूर्णांक सहा दशांश इंचावर आणावी, खांदा मागे सरकवावा, आणि जलद जळणारी दारू मोजकीच भरावी, म्हणजे फुकट जाणारी दारू वाचेल आणि वेग मात्र कायम राहील. तर्क निर्दोष होता. अशा रीतीने .३० हेरेट, आणि तिच्या मागोमाग त्याच पुंगळीचे तोंड रुंद ठेवून .३५७ हेरेट, अशी दोन काडतुसे जन्मास आली, आणि कंटेंडरच्या कारखान्याने त्यांच्या नळ्याही काढल्या. परंतु ज्याला ही काडतुसे हवीत त्याने थर्टी-थर्टीच्या पुंगळ्या आणून, कापून, साच्यातून काढून ती स्वहस्ते घडवावीत, असा तो व्याप होता. रात्र रात्र बसून पुंगळ्या कापणाऱ्या हौशी मंडळींस त्यात आनंद वाटे, इतरांस नव्हे.

दुसरा प्रवाह शिकारीतून नव्हे तर खेळातून आला. मेक्सिकोत पोलादी पत्र्याच्या कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकृती दूरवर उभ्या करून त्या गोळीने पाडण्याचा एक खेळ होता. तो सीमा ओलांडून अमेरिकेत आला, आणि १९७६ साली त्यातील पिस्तूलबाजांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कोंबडी ५० मीटरांवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरांवर. जड पोलादी मेंढा नुसता लागून भागत नसे, तो आडवा पडावा लागे. म्हणजे गोळीत दूरवर टिकणारा जोर हवा, आणि दिवसभर बार टाकावयाचे म्हणून धक्का मात्र सौम्य हवा. या पेचातून वेस युगाल्डे याने .२२३ या सैनिकी वंशाच्या पुंगळीचे तोंड सात मिलिमीटरांपर्यंत रुंद करून ‘सेव्हन टीसीयू’ हे काडतूस काढले. .२२३ चा दाब थर्टी-थर्टीहून बराच अधिक असला तरी तिचा तळ लहान असल्यामुळे रेटा सांगाड्याच्या आवाक्यात राही. पोलादी मेंढ्यावर सिद्ध झालेले हे काडतूस मग लहान चणीच्या हरणांसाठीही लोक वापरू लागले.

तिसरा प्रवाह ओहायो राज्यातील जे. डी. जोन्स याचा, आणि त्याची वृत्ती मूळचीच निराळी. हातातील पिस्तुलाने सृष्टीतील कोणतेही सावज घेता आले पाहिजे, ही त्याची प्रतिज्ञा. त्यासाठी त्याने .४४४ मार्लिनच्या लांब, किनारीच्या पुंगळीचे तोंड आवळून .३७५ जेडीजे हे काडतूस घडविले, सव्वा तोळ्याच्या आसपासची आणि त्याहूनही जड गोळी त्यात बसविली, आणि आफ्रिकेतील हत्तीपर्यंत त्याचे प्रयोग झाले. मध्यम मापाच्या वरच्या काठावरचे हे काडतूस. सांगाड्याने ते झेलले, परंतु मनगटाचा कर त्याने पुरेपूर वसूल केला, आणि सामान्य शिकाऱ्याने त्याच्याकडे आदराने पाहून आपली पावले दुसरीकडे वळविली.

नळ्यांच्या या अदलाबदलीने सरकारदरबारीही एक मामला उभा केला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३४ च्या संघीय कायद्यान्वये सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल बनविणारावर दोनशे डॉलरांचा कर होता. कंटेंडरच्या कंपनीने पिस्तुलासोबत खांद्याचा दस्ता आणि एकवीस इंची नळी असा संच विकावयास काढला. तेव्हा महसूल खात्याचे म्हणणे पडले की, तोच दस्ता मूळच्या दहा इंची नळीच्या पिस्तुलास लावला तर आखूड रायफल तयार होते, सबब कर भरा. कंपनीने कर भरला, परताव्याचा दावा लावला, आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निवाडा कंपनीच्या बाजूने दिला; कायद्याची भाषा संदिग्ध असेल आणि भंगास शिक्षा असेल, तर संशयाचा लाभ प्रजेस द्यावा, या जुन्या न्यायतत्त्वाचा आधार त्यास होता.

एवढ्या उलाढालीनंतर शिकारीची मंडळी स्थिरावली ती कोठे? ज्या थर्टी-थर्टीला हेरेटने कापून आखूड केले होते, तिच्याच पूर्ण लांबीच्या नळ्या कारखान्याने काढल्या, आणि त्यांनी हेरेटच्या दोन्ही काडतुसांस हळूहळू बेदखल केले. चौदा इंची नळीत थर्टी-थर्टीची दीडशे ग्रेनांची गोळी सेकंदाला सुमारे दोन हजार फुटांचा वेग घेई. दारू थोडी वाया जात असली तरी ती वाया जाण्याने कोणाचे काही बिघडत नव्हते, आणि काडतूस मात्र गावोगावच्या दुकानांत तयार मिळत होते. शिवाय जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या विंचेस्टर रायफलीसाठी १८९५ साली निघालेल्या या काडतुसाच्या गोळ्या मंद वेगालाही फुलाव्यात अशाच बेताने घडविलेल्या होत्या. नव्या रायफलींच्या कठीण गोळ्या पिस्तुलाच्या वेगात न फुलता आरपार निघून जात. विंचेस्टरच्या त्या जुन्या रायफलीच्या नळकांडी कोठारात काडतुसे एकापुढे एक रचलेली असल्यामुळे गोळीचे नाक बोथट ठेवणे भाग होते. एकबारी पिस्तुलात कोठारच नसल्याने हौशी मंडळींस अणकुचीदार गोळी भरण्याचीही मोकळीक मिळाली. जवळच्या अंतरासाठी त्याच पिढीतील, कमी दाबाचे .३५ रेमिंग्टन, आणि किंचित दूरच्या नेमासाठी केन वॉटर्स याने थर्टी-थर्टीचेच तोंड सात मिलिमीटरांवर आवळून केलेले, १९८४ पासून विंचेस्टरने तयार स्वरूपात विकलेले ‘सेव्हन-थर्टी वॉटर्स’, ही तिची दोन भावंडे. रायफलीच्या जगात जी थर्टी-थर्टी म्हातारी, मंद आणि बाळबोध ठरली होती, तीच आखूड नळीत आणि बेताच्या बिजागरीत शहाणी ठरली. कारण तिच्या काळच्या कारागिरांनी हत्याराच्या अंगात जेवढे बळ होते तेवढेच मागण्याची शिस्त पाळली होती.

२००७ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने कंटेंडरचा हा कारखाना विकत घेतला, २०११ च्या सुमारास रॉचेस्टरचे काम बंद होऊन ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हलविण्यात आले, आणि वॉरन सेंटरच्या तळघरात जन्मलेल्या पिस्तुलाचा गावाशी असलेला संबंध तुटला. ज्यांच्यापाशी जुन्या नळ्या आहेत ते त्या जपून वापरतात. .३० हेरेटची पुंगळी आजही स्वतः कापून घ्यावी लागते. थर्टी-थर्टीची पेटी अमेरिकेतील खेड्याच्या दुकानात आजही मागितल्याबरोबर फळीवरून खाली येते.